न्ने की नाने?

त्या काळी म्वान्झाच्या हवामान कचेरीत बेटांवरचं हवामान रेडिओवरून नुसत्या स्वाहिली आकड्यांत यायचं. पाच-पाच आकड्यांचे गट, प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. न्यांगेता ते ऐकून त्याचा अर्थ लावायची. त्या दिवशी तिचंच लग्न होतं, तेही अफाट तळ्यातल्या उकेरेवे बेटावर. वऱ्हाडाची होडी धक्क्याला लागलेली, आत्याबाई आत पिलावाची पातेली धरून बसलेल्या. तरी सकाळी ती कामावर आली, कारण बेटावरून आकडे वाचणाऱ्या मगेसाबाबांचं बोलणं दुसऱ्या कुणाला उमगतच नसे.

आज तर तिलाही उमगेना. वाऱ्याच्या जोराच्या जागी बाबा काय म्हणाले? "न्ने" की "नाने"? चार की आठ? चार असेल तर धक्क्यावर पांढरं निशाण, आठ असेल तर लाल. मग होडीही नाही आणि लग्नही नाही. उलट विचारावं तर यंत्र नुसतं ऐकायचं.

"लाल लाव," कचेरीचे प्रमुख बुगिंगोसाहेब म्हणाले. "नवरीच्या कानाला चारच ऐकू येणार!"

"साहेब, बुडायची वेळ आली तर होडीत मीच असणार. उगाच कशाला चार ऐकू? थांबा, बाबा पुन्हा वाचतायत."

दुसऱ्यांदाही तोच घोळ. पण लाटांचा आकडा या वेळी स्वच्छ आला: "मोजा." एक. म्हणजे जेमतेम गुडघाभर लाटा.

"आठाच्या वाऱ्यात तळं असं गप्प बसेल का? आणि हे ऐका." तिनं कानावरचं यंत्र साहेबांच्या कानाला लावलं. "वारा सुटला की बाबांच्या खांबाची तार शिट्या मारते. आज काय ऐकू येतंय?"

साहेबांनी कान टवकारले. "कोंबडा."

"मग?"

"मग काय! पांढरं लाव आणि पळ. आत्याबाई पिलाव संपवतील."

होडी डुलत डुलत बेटाला लागली. धक्क्यावर पांढऱ्या झग्यात मगेसाबाबा हसत उभे. तोंडात एकही दात नाही.

"बाबा, दात कुठे गेले?"

"तुझ्या लग्नात नवी कवळी मिरवायची म्हणून जुने काढून टाकले. कवळी अजून यायचीय!"

"आणि सकाळी वारा किती होता?"

बाबांनी छाती फुगवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, "नाने!"

"आठ?" पातेल्यासकट आत्याबाई मटकन खाली बसल्या. "आणि आम्ही त्यातून आलो?"

न्यांगेतानं हसत हसत बाबांचा हात धरून वर केला. अंगठा मुडपून चारच बोटं उभी होती.