भोंग्यावरची नावं

बपेऱ्याच्या बुद्धविहारावरचा भोंगा जयंतीच्या वर्गणीसाठी सुरू झाला की अख्खं गाव कान देऊन बसतं. कोणी किती दिले ते नावानिशी पुकारायचं, ही वस्तीची जुनी रीत. पन्नास रुपये दिले तरी नाव हवेत उडतं आणि देणाऱ्याची छाती फुगते. यंदा पुकारायचं काम दहावीतल्या रुचिताकडे आलं, आणि एकदा माइक हाती लागल्यावर पोरगी तो सोडतच नव्हती!

अशात आमदारकीची निवडणूक लागली. वस्तीतला सुगत वकील अपक्ष उभा राहिला. पैसा कुठला? घराघरातून वर्गणी. सुगतने विहारात सगळ्यांना बसवून सांगितलं, "पैसे बँकेच्या वेगळ्या खात्यात जातीन. देणाऱ्याचं नाव हिशोबात लिहा लागते, अन् तो हिशोब कोणीबी पाहू शकते. आपल्याकडं लपवाछपवी नाही."

"मंग पुकारू का, दादा?" रुचिता उठूनच उभी राहिली.

"पुकार ना! जयंतीले पुकारतेस तसंच."

मग काय विचारता! "गुलाबबाई परसराम, दोनशे रुपये! आणि माझी आई, मालनबाई आनंदराव, पाचशे रुपये! टाळ्या होऊन जाऊ द्या!" मालनबाई पदर तोंडाशी धरून लाजली, हसली.

दुसऱ्या दिवशी ती मोतीलाल शेठच्या राइस मिलवर गेली आणि भरलेला डबा तसाच घेऊन परत आली. रुचिता रांगत होती तेव्हापासून ती त्या मिलवर धान वाळवत होती, कोंडा भरत होती. त्याच शेठचा पुतण्या हेमराज सुगतच्या विरोधात उभा होता.

"काय झालं, आई?"

"शेठ म्हणे, ज्याच्या खात्यात पैसा टाकला त्याच्याच घरी काम माग."

"पण त्याले सांगतलं कोणं?"

मालनबाईने विहाराकडे पाहिलं. "तुह्या तोंडून माह्यं नाव लय मोठं निघालं, बाई. मिलपर्यंत गेलं."

रुचिताच्या हातातला घास हातातच राहिला. मग तिला असा राग आला की सांगता सोय नाही. आपलं नाव उघडं, तर शेठचंही कुठे तरी उघडं असेलच की! ती सुगतच्या गाडीवर बसून तुमसरला गेली. निवडणूक कार्यालयाच्या फलकावर सगळ्या उमेदवारांचे हिशोब लावलेले होते. सुगतच्या कागदावर नावांची नुसती दाटी. त्यात आईचंही. हेमराजच्या कागदावर मात्र देणगीदारांच्या रकान्यात एकच शब्द होता: निरंक.

"निरंक?" ती टेबलामागच्या बाबूवर चढलीच. "मिलच्या अंगणात रोज पंगत उठून राहिली! तांदूळ शेठचा, गाड्या शेठच्या!"

"ताई, आमच्याकडे जे लिहून येते, ते आम्ही लावतो," बाबू शांतपणे म्हणाला. "खोटं वाटत असेल तर तक्रार द्या."

सुगतने तक्रार दिली. संध्याकाळी निवडणुकीचं पथक कॅमेरा घेऊन मिलवर आलं. शेठने हात जोडले, "घरी लग्न जमलं, साक्षगंध आहे, साहेब. त्याचीच पंगत." नवरी कोणती, हे विचारायला कोणी गाडीतून उतरलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा वर्गणी. या वेळी बाया दबकत आल्या. गुलाबबाई, तीही त्याच मिलवर कामाला, मागच्या वेळी शेठने नुसता दम देऊन सोडलेली, नोटा सुगतच्या हातात कोंबत म्हणाली, "लिहाचं तं लिही बापा, पण पोरीले पुकारू नको देऊ."

रुचिताने माइक उचलला. सुगत "अवं, नको!" म्हणेपर्यंत भोंगा कडाडलाही होता. "मोतीलाल शेठ, राइस मिलवाले! पुतण्याच्या निवडणुकीला देणगी, शून्य रुपये! शेठसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत!"

बाया पोट धरून हसल्या. सर्वांत मोठ्याने हसली गुलाबबाई, आणि तिचं हसणं चालू माइकमधून थेट मिलपर्यंत पोचलं.

रुचिता उड्या मारतच घरी आली. मालनबाई विळ्याला धार लावत होती. नदीपलीकडे बालाघाटकडच्या धानकापणीला आता तिला रोज पहाटे जावं लागत होतं.

"ऐकलंस का, आई? कसं सुनावलं शेठले!"

"ऐकलं," विळ्यावरून अंगठा फिरवत मालनबाई म्हणाली. "गुलाबलेबी सांगून ये, घरचा विळा काढून ठेव म्हणा. उद्यापासून तिलेबी संगं न्या लागन."