चतुराबाईंनी आवरलेलं अंथरूण

मी एक जुनी चादर आहे. माझे निळे पट्टे आता पार विटले आहेत. पण मित्रांनो, मी परदेश पाहून आले आहे.

माझा जन्म मालेगावचा, यंत्रमागाच्या खडखडाटातला. विंचूरच्या बाजारातून चतुराबाईंनी मला घरी नेले. उन्हाळ्यात त्यांनी मला अंगणात अंथरले, थंडीत पांघरले. एकदा तर कांद्याचे रोपही माझ्यात बांधून शेतावर नेले. पुढे त्या नाशिकला, गंगापूर रोडला महेशकडे, म्हणजे मुलाकडे राहायला आल्या. तिथे मऊ मऊ ब्लँकेटे होती. माझी रवानगी कपाटावर झाली आणि मी धूळ खात पडले.

मग सगळे सिंगापूरला निघाले.

"आई, हॉटेलात पांघरूण असतं," सूनबाई उज्वला म्हणाली.

"असू दे. परक्या पांघरुणात मला झोप नाय येत," म्हणत चतुराबाईंनी मला झटकून बॅगेत कोंबले.

चतुराबाईंचा जन्माचा नेम असा, की उठल्यावर आपले अंथरूण आपणच आवरायचे. परत निघायच्या दिवशी त्यांनी हॉटेलातल्या पांढऱ्या चादरी, रजई, उशांचे अभ्रेसुद्धा काढले, नीट घड्या घातल्या आणि दाराशी गठ्ठा रचला. त्यात मीही होते. सगळे नाश्त्याला गेले. सफाईची मुलगी आली. काढून ठेवलेले म्हणजे धुवायचे, असे समजून तिने सगळा गठ्ठा चाकांच्या गाडीत टाकला. मी तळाशी गेले.

"माझी चादर कुठंय?" परतल्यावर चतुराबाई कासावीस झाल्या.

महेशने बाहेर त्या मुलीला गाठले आणि तावातावाने इंग्रजीत विचारू लागला. ती नुसती मान हलवत राहिली.

"अहो, हळू बोला. आपली जुनी चादर कोण चोरणार?" उज्वला म्हणाली.

"मग गेली कुठं? पाय फुटले तिला? थांब, मॅनेजरलाच बोलावतो," म्हणत महेशने फोन काढला.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. एका तक्रारीत तिचे काम गेले असते. आणि मी? मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते!

चतुराबाईंनी दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"महेश, फोन ठेव."

"आई, तू मधे पडू नको."

"ठेव म्हणते ना! अंथरूण मीच आवरून दाराशी ठिवलं. ती पोर काय करील?"

"अगं, हॉटेलात कोण अंथरूण आवरतं!"

"मी आवरते."

त्यांनी गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि नुसत्या स्पर्शाने ओळखून मला ओढून काढले. उज्वलाला हसू आवरेना. चतुराबाई मात्र हसल्या नाहीत.

"चुकलं गं बाई माझं," त्या मुलीला म्हणाल्या.

तिला शब्द कळले नाहीत. पण तिने डोळे पुसले आणि माझी दोन टोके हातात घेतली. दोन टोके चतुराबाईंकडे होतीच. दोघी घडी घालत जवळ आल्या, हाताला हात लागला, आणि मग दोघीही हसल्या. महेश खाली मान घालून "सॉरी" म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवा, हे तर मी सांगणारच. पण एखादी वस्तू सापडली नाही, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच हातांनी काय केले ते आठवा. मला तोंड नव्हते, म्हणून मी गप्प होते. त्या मुलीला तर तोंड होते, तरी तिला गप्प राहावे लागले.