नावे पुसलेला नकाशा

शांतता मोडायची नाही, हे मीच त्यांना शिकवले होते. समोरचा माणूस गप्प झाला की मनात नव्वदपर्यंत मोजायचे. त्याआधी जो बोलतो तो स्वतःचीच अस्वस्थता शमवत असतो. म्हणून बहरीनच्या माहूज भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सगळे शिस्तीने गप्प बसले होते, आणि इक्रा भिंतीवर चिकटवलेल्या कागदासमोर आमच्याकडे पाठ करून उभी होती. चार मिनिटे झाली होती. नव्वदाच्या पुढे काय मोजायचे, हे मी कुणालाच शिकवले नव्हते.

कागद सुयोगचा होता. तो एका दवाखान्यात समाजसेवकाचे काम करतो आणि संध्याकाळी आमच्या केंद्रात, माझ्या देखरेखीखाली, समुपदेशनासाठी आलेल्या लोकांना भेटतो. वर्षभराच्या आमच्या अभ्यासक्रमाला शाळांतले, दवाखान्यांतले असे सहाजण दर शनिवारी सकाळी येतात. शिकवायचे एकच असते: माणूस एकट्याने मोडत नाही, त्याचे अख्खे घर त्याच्या ठिकाणी येऊन मोडते. ते घर डोळ्यांना दिसावे म्हणून आम्ही त्याचा नकाशा काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा, मृत्यूला फुली. आणि ज्याने स्वतःचा जीव स्वतः घेतला, त्याचा चौकोन किंवा वर्तुळ पूर्ण काळे भरायचे. ही शेवटची खूण आमच्या केंद्राची, म्हणजे माझी. फुलीत ते दुःख मावत नाही असे मला वाटायचे.

त्या शनिवारचा सराव साधा होता. एकाने आपल्याकडे येणाऱ्या घराचा नकाशा नावे काढून लावायचा, दुसऱ्याने तो परक्या गावात शिरावे तसा वाचायचा आणि सांगायचे, या घराचे ओझे कोण वाहते आहे. सुयोगने कागद भिंतीला लावला तेव्हा त्यावर इतक्या रेघा एकमेकींना छेदत होत्या की तो स्वतःच म्हणाला, हे घर नव्हे, सनाबिसच्या गल्लीतले पार्किंग आहे, आत गेलेली गाडी बाहेर यायची नाही. सगळे हसले. इक्राही हसली. वाचायला मी तिलाच उठवले, कारण वर्गात तिच्याइतके तीक्ष्ण डोळे कुणाचे नव्हते. ती एका शाळेत मुलांची समुपदेशक आहे. जन्म बहरीनचा, मूळ घर गुहागरकडचे, सासर इथेच जिदहफ्सला.

सुरुवात तिने सुरेख केली. दोन घराणी आहेत, ती म्हणाली, आणि त्यांच्यात एक नाही, तीन लग्ने आहेत. या घरच्या दोन भावांना त्या घरच्या दोन बहिणी, आणि या घरची बहीण त्या घरच्या भावाला. इथे कुणी एकाशी भांडला तर तिघांची चूल विझते, म्हणून इथे कुणी भांडत नसणार. गप्प बसत असणार. मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. तिचे बोट खाली उतरले, पुढच्या पिढीवर आले. जुळ्यांची रेघ दुभंगून दोन टोकांना जाते. त्यातल्या एका टोकाला लहानशी फुली होती, सहा दिवसांची, आणि दुसऱ्या टोकाला एक वर्तुळ. त्या वर्तुळावर तिचे बोट थांबले. मग ते आडवे सरकत शेजारच्या चौकोनापाशी गेले. तो काळा भरलेला होता.

तिथे ती बोलायची थांबली.

अखेर हुदाने ती शांतता मोडली. हुदा मूळचीच बहरीनची, सरकारी शाळेतली, वयाने आमच्यात सगळ्यांत मोठी. तिने पाण्याची बाटली उचलून इक्राच्या हातापाशी धरली आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी हळू, विचारले की हा अजून सरावच चालला आहे का. मी उत्तर द्यायच्या आत इक्रा बोलली. कागदावरून डोळे न काढता तिने सुयोगला मराठीत विचारले.

“वयं किती बदललीस?”

सुयोग गोंधळला. प्रश्न अभ्यासाचाच असावा असे समजून त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले.

“दोन-दोन वर्षं वाढवली ना सगळ्यांची. मॅडमनीच सांगितलं होतं तसं.”

काळ्या चौकोनाशेजारी सव्वीस लिहिले होते. इक्राने मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी, आणि ती खोलीतून बाहेर गेली.

मी वर्गाला पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. सुयोग माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होते. त्याची आणि माझी ओळख इथल्या जयंतीच्या कार्यक्रमातली. तो बुलढाण्याचा, मी अकोल्याची. त्या घराची गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा आम्हा दोघांना ती तीन लग्ने म्हणजे केवळ एक आकृती वाटली होती. तासभर बसून मी तो नकाशा तपासला होता. नावे काढ, वये बदल, शहर पुस, वडिलांचा धंदा बदल, असे एकेक सांगत गेले होते. रेघांना मी हात लावला नाही. उलट त्या जाळीकडे पाहून मी म्हणाले होते, सुंदर आहे. नावे पुसली की घर अनोळखी होते, हा समज फक्त त्या गावाबाहेरच्या माणसाचा असू शकतो.

केंद्र म्हणजे एक राहता फ्लॅटच आहे. त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा करतो. इक्रा तिथे ओट्याला टेकून उभी होती. खिडकीबाहेर ऑगस्टचे आकाश उकळून थंड केलेल्या पाण्यासारखे बेचव पांढरे होते. मी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

“आमच्या तालुक्यात तीन निकाह एका मांडवात एकदाच झालेत, मैत्रीताई,” ती म्हणाली. “लोक अजून त्या मांडवातल्या जेवणाची आठवण काढतात. तुमच्या कागदावर मी छान गोल आलेय. जुळ्यातली उरलेली.”

मी माफी मागायला तोंड उघडले तर तिने हात वर केला. मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. माझ्या धंद्यात जे करायचे असते ते. काळा चौकोन म्हणजे तिचा धाकटा भाऊ खिजर. तो गेला तेव्हा चोविसाचा होता. चार वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी तो सनाबिसमधल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून पडला. पाण्याची टाकी बघायला गेला आणि पाय घसरला, असे तिचे वडील जमालुद्दीन यांनी दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितले. दफनाला आलेल्यांना सांगितले, गावी फोनवरून सांगितले. घरात कुणी दुसरा शब्द कधी उच्चारला नाही. आणि त्याला टाकी बघायला कुणी पाठवले, हेही सगळ्यांना ठाऊक होते. इक्राने. अम्मीकडे पाण्याची धार बारीक येते म्हणून तिने जिदहफ्सहून त्याला फोन केला होता. वर जाऊन बघ, आळशी, असे म्हणाली होती. त्याच्याशी तिचे ते शेवटचे बोलणे.

“चार वर्षं मी शुक्रवारी फोन हातात घेत नाही,” ती म्हणाली. “माझा नवरा बोलतो, अपघात तो अपघात. शाळेतल्या पोरांना मी रोज सांगते, तुमचा दोष नाही म्हणून. छान सांगते. मला जमतं ते.”

मी तिला म्हणाले की आज जे घडले ती माझी चूक आहे, सुयोगची नाही. नियम असा आहे की गोपनीयता फुटली तर ज्याची फुटली त्याला ती कळवावी लागते, आणि मी कळवणार आहे. हे बोलताना माझे मलाच जाणवले की मी कोणाला कळवणार हे न सांगता सारे सांगून टाकले होते. नियमाचे हेच होते. तो पाळायला गेले की दुसऱ्या बाजूने फुटतो.

इक्राने ते टिपले. तिचे डोळे तीक्ष्ण आहेत हे मी वर म्हटलेच आहे.

“माझ्या अम्मीचं नाव शरीफुन्निसा,” ती शांतपणे म्हणाली. “तुम्ही हो बोलू नका, नाही बोलू नका. मंगळवारी संध्याकाळी ती तालीमला, कुराण शिकायला जाते असं आम्हाला सांगते. मी स्वतः दोनदा तिला या गल्लीच्या तोंडाशी सोडलंय.”

मी चेहरा स्थिर ठेवला. सुयोगचा त्या बाईबरोबरचा वार मंगळवारच होता.

मग तिने मला जे मागितले त्याची मी तयारी केलेली नव्हती. अम्मीला काही कळवायचे नाही, ती म्हणाली. तिला कळले की मुलीने पाहिले, तर ती पुन्हा या पायऱ्या चढायची नाही. जगात तिने हे जिथे बोलून टाकले अशी एवढी एकच खोली आहे. अब्बांना कळले तर त्या तीन लग्नांतले एकही धड राहणार नाही. तेव्हा कुणी काही पाहिलेले नाही. तो नकाशा तिच्या घराचा नाही. वर्गाला सांगायचे, इक्राला उन्हामुळे चक्कर आली.

मी म्हणाले की हे असे चालणार नाही, की तू जे करते आहेस ते तुला इथे शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध आहे, की घराने पुन्हा एकदा तुझ्याच डोक्यावर ठेवलेले हे आहे. ती हसली. इतका दमलेला हसरा चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता.

“पुढच्या शनिवारी माझी पाळी आहे ना, स्वतःच्या घराचा नकाशा आणायची? आणीन. खिजरवर नुसती फुली असेल. तुम्ही तपासा आणि बरोबर म्हणा.”

बाहेर सुयोग दाराशी येऊन उभा राहिल्याची सावली फरशीवर पडली आणि परत गेली. मी ग्लासात पाणी ओतले, ते तिला द्यायचे की मी प्यायचे हे मला ठरवता येईना. तिला आत्ता घरी एकटीला जाऊ द्यायचे नाही, हे मला कळत होते. तिने दुसऱ्या कुणा समुपदेशकाकडे जावे असे मी सुचवले, एक नाव दिले. तिने ते फोनमध्ये लिहून घेतले. सगळे नीट, पुस्तकात असते तसे. तिने डोळे पुसले, ओढणी सारखी केली, पर्स खांद्याला अडकवली. मला वाटले, आता ती जाईल. पण ती दारापर्यंत जाऊन वळली.

“एकच विचारते. खिजरचं काही नाही विचारत. त्याचं मी बघेन. अम्मीला ठाऊक होतं का, की मी हे माझ्यावर घेऊन बसलेय? चार वर्षं? की तिला दिसलंच नाही?”

मला उत्तर माहीत होते. तिसऱ्या भेटीच्या टिपणात सुयोगने ते त्या बाईच्याच शब्दांत लिहून घेतले होते आणि माझ्याकडे आणले होते. मुलगी ‘मीच त्याला वर पाठवला’ म्हणून रडली, तेव्हा आमच्या यांनी तेच धरले. लोकांना कारण लागत होते आणि ते तिच्या तोंडून आले होते. ती वाळत चाललेली मला दिसते. पण तिच्यावरचे काढले तर ते कुठे ठेवू? त्या शेवटच्या वाक्याखाली मी लाल शाईने रेघ मारली होती आणि समासात लिहिले होते: वर्गात चर्चेला उत्तम.

हो म्हटले तर एका आईचा विश्वास मी दुसऱ्यांदा, आणि या वेळी जाणूनबुजून मोडत होते. नाही म्हटले तर ते खोटे होते, आणि खोटे तिने चार वर्षे पुरेसे खाल्ले होते. सांगू शकत नाही असे म्हटले असते, तर त्या तीन शब्दांतून तिने अख्खे टिपण वाचले असते. ती माझ्याकडे पाहत होती. मी मोजू लागले. वीस. तीस. कधीतरी तिच्या डोळ्यांत असे काही आले की माझे गप्प बसणे हेच तिला उत्तरासारखे वाटू लागले असावे, आणि ते मला पाहवेना.

“मैत्रीताई,” ती म्हणाली, “ठाऊक होतं का?”

मी भरलेला ग्लास ओट्यावर ठेवला, तिच्या खांद्याला धक्का न लावता दारातून वाट काढली आणि वर्गाकडे चालू लागले.