सात वेळा तपासलेल्या चार ओळी

“स्वल्पविराम राहिला म्हणे,” मी मोबाइलवरून तपासणाऱ्याचा शेरा वाचून दाखवला.

“लाव बाई,” म्बाक वुरी म्हणाली. “तोही लाव.”

तर ऐका. आमच्या सेमारांग शहरात समुद्राला भरती आली की गल्लीत खारं पाणी, आणि ते उपसणारा पंप चालतो एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर. ते कुणीही सुधारावं, फक्त पाक हेंदार्तोंनी, म्हणजे हेंदार्तोसाहेबांनी, तपासून पास करायला हवं. मिठानं वायर खराब झाली की पाण्याची मोजणी शून्य येते, सॉफ्टवेअरला वाटतं पंपाचा खड्डा कोरडा, की पंप बंद. वुरी शाळेत कारकून, माझ्याहून मोठी म्हणून म्बाक, म्हणजे ताई. घरचं सगळं उरकून तिनं चार ओळींची दुरुस्ती लिहिली: शून्य आलं तरी चालू राहा.

आणि हे महाशय काय बघतात? ओळ लांब. मोकळी जागा जास्त. सहा वेळा परत पाठवलं. चालवून एकदाही पाहिलं नाही, हात ओले झाले असते ना. सातव्यांदा शिक्का: ‘बारकाईनं तपासलं.’ नवी आवृत्ती सोमवारी, पुढची थेट वर्षानं, आणि गुरुवारी पौर्णिमेची भरती.

रविवारी खड्ड्यातला गाळ काढला. तोवर कोरडा खड्डा आम्ही पाहिलाच नव्हता, आमच्या गल्लीत असतो कुठं? वुरीनं आपली दुरुस्ती घालून पंप लावला. पाण्याचा थेंब नाही, तरी मोटर घरघरतेय, जळका वास. तिनं प्लग उपटला.

“खड्डा खरंच कोरडा असला तरी शून्यच येतं. आपलंच चुकलं गं.”

“गप्प बस ना, म्बाक. शिक्का हेंदार्तोंचा आहे. कुणाला कळतंय?”

“मोटरला.”

तिनं सगळ्यांसमोर लिहिलं: माझी दुरुस्ती चुकीची आहे, घेऊ नका. हेंदार्तोंचं उत्तर पाच मिनिटांत: ‘पाठवण्याआधी तपासत जा. तपासणाऱ्यांचा वेळ मोलाचा असतो.’ मोलाचा म्हणे. बादलीभर पाणी ओतून बघायला किती लागतो?

आवृत्ती त्या दुरुस्तीशिवाय निघाली.

गुरुवारी दुपारी पाणी चढलं. वुरीनं शाळेतून रजा घेतली, पंपाशेजारी प्लॅस्टिकचं स्टूल टाकलं, पाय पाण्यात, हात बटणावर. पंप बंद पडला की चालू करायचा, पुन्हा बंद पडला की पुन्हा. मी शेजारी छत्री धरून. मोबाइलवर हेंदार्तोंचं भाषण लावलेलं, विषय ‘उत्तम तपासणी कशी करावी’. मोठ्या सभागृहात टाळ्या पडत होत्या.

“आवाज कमी कर,” वुरी म्हणाली. “मोटर ऐकू येत नाही.”