आठ टक्क्यांचा नवस

दिवाळे कोळीवाड्यातला प्रितम कोळी बुद्धिबळात जगात सहावा होता. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या आठ जणांच्या स्पर्धेत त्याची निवड झाली. त्याच संध्याकाळी त्याची आई धोंडूबाई गावदेवीच्या देवळात जाऊन नवस बोलून आली: पोरगा जगज्जेता होईपर्यंत मासे खाणार नाही.

धोंडूबाई दिवाळ्याच्या बाजारात मासे विकायची. शेजारच्या सीवूड्सच्या सोसायट्यांमधून येणाऱ्या बायका तिने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करत आणि अधेमधे कुठेतरी सौदा मिटे. पहिल्या भावाला पापलेट नेलेलं गिऱ्हाईक तिला आठवत नव्हतं.

घरी नवसानंतरही कालवण शिजत राहिलं, पण ती चव घेऊन बघेना. मीठ अंदाजाने पडू लागलं. प्रितमचे वडील दादू यांनी पहिला आठवडा तसाच जेवून काढला. मग एकदा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पोरा, खरं सांग. तू व्हशील का?"

हाच प्रश्न सकाळी एका वार्ताहराने विचारला होता. प्रितमने वडिलांनाही तेच उत्तर दिलं. "ही स्पर्धा जिंकायची शक्यता पाचात एक. जिंकलो तर जगज्जेत्याला हरवायची शंभरात चाळीस. दोन्ही मिळून आठ टक्के."

"आठ म्हंजे नाय."

"आठ म्हंजे आठ, बाबा."

"आन् तवर मी असाच जेवू? काल खारट, आज आळनी."

"मंग दोनी एकत्र करून खावा," धोंडूबाई चुलीजवळून म्हणाली.

नवस थोडा कमी करून घेता येतो का, असं दादूंनी सुचवून पाहिलं.

"देवीशी काय करायचं ते माजं मी बगन."

स्पर्धा परदेशात होती. प्रितम रोज फोन करून आईला काय जेवलीस म्हणून विचारायचा. भेंडी. पडवळ. परत भेंडी.

शेवटच्या फेरीला प्रितम पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा अर्ध्या गुणाने मागे, दुसरा होता. पहिल्याचा डाव लवकर बरोबरीत सुटला. म्हणजे प्रितम जिंकला तर दोघांचे गुण सारखे होणार होते. पटावर मात्र काही उरलं नव्हतं आणि समोरच्याने बरोबरी देऊ केली. घेतली तर दुसरा क्रमांक पक्का. ओढून ताणून जिंकायला गेलं तर जिंकण्यापेक्षा हरण्याचीच शक्यता जास्त, हे प्रितमला दिसत होतं. एरवी त्याने हात पुढे केला असता.

त्याने बरोबरी नाकारली, डाव हरला आणि चौथा आला.

तो घरी पोचला तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. धोंडूबाईच्या ताटात बोंबील होते. प्रितम बॅग हातात धरून उभा राहिला.

"आये, नवस?"

"मिटला."

"मी चौथा आलो."

"ठावं हाय."

"तू जगज्जेता बोललेलीस."

"मंग? पयला भाव कवा कोनाला मिळालाय? मी जगज्जेता सांगितला, देवीनं चौथा दिला. घेतला."

दादूंनी मान डोलावली आणि आणखी कालवण वाढून घेतलं. मीठ बरोबर पडलं होतं.

"हे मला आधी का नाय सांगितलंस?"

"भाव चालू असताना आपला खालचा आकडा कोन बोलतो?"

प्रितमने बॅग खाली ठेवली. "शेवटच्या डावात बरोबरी मिळत होती. घेतली असती तर दुसरा आलो असतो."

"मंग घेतली का नाय?"

"तू भेंडी खात होतीस."

धोंडूबाईचा हात थांबला. मग तिने नवीन ताट घेतलं, सगळ्यात मोठा बोंबील त्यात ठेवला आणि ताट प्रितमपुढे सरकवलं.

"परत कवा असते ही स्पर्धा?"

"दोन वर्षांनी."

"आता किती टक्के?"

प्रितमने हिशेब केला. त्याला थोडा वेळ लागला.

"दहा."

"पंधरा सांग," धोंडूबाई म्हणाली. "बारावर मिटवू."