शालीखालचा श्वास

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे, मित्रांनो. सुप्याजवळच्या एका गावात, देवळाला खेटून असलेल्या घरात राहतो. माझी मालकीण सविता. सप्ताह आला की देवळातल्या कॅमेऱ्याची वायर खिडकीतून माझ्यापर्यंत येते आणि मी कीर्तन दूरदूरच्या मोबाईलवर पोहोचवतो.

गेल्या वर्षी गावाने सविताला शाल-नारळ दिला. तिच्या सासूबाईंनी, भीमाबाईंनी, घरी येताच ती शाल माझ्यावर पांघरली. "राबतं ह्ये. मान बी ह्याचाच," त्या म्हणाल्या. मी किती सुखावलो म्हणून सांगू! त्यांचे मन मोडायला नको म्हणून सवितानेही ती काढली नाही. शाल अंगावरच राहिली.

यंदा मात्र ऐन कीर्तनात मी बंद पडू लागलो. भीमाबाईंची थोरली बहीण छबूबाई पाय मोडून नगरला लेकाकडे अंथरुणावर होती. तिचा फोन आला. "सविता, बुवांनी आत्ता कुठं अभंगाचं चरण सोडवायला घेतलं, अन् तुझं यंत्र मुकं झालं! काला तरी दाव गं बाई. जल्मात चुकला न्हाई माझा."

सप्ताहाची सांगता करणारा काला दुसऱ्याच दिवशी होता. सविताने नगरहून दुरुस्तीवाल्या आवेजला बोलावले. "वहिनी, प्रोसेसर कमी पडतोय," म्हणत त्याने नवा बसवला. पडदा काळाच राहिला. सविताचा चेहरा उतरला.

"खोबणीत बसला, पण मदरबोर्ड त्याला ओळखत नाही," आवेजने कपाळावर हात मारला. "आधी बायोस नवं करायचं राहिलं. घाई नडली."

बायोस म्हणजे सुरू होताना कुणाला ओळखायचे, हे माझ्या बोर्डाला शिकवणारी आज्ञावली. ते काम जुन्या प्रोसेसरवाचून होणार नव्हते. तो जुनाच पुन्हा बसला, त्याने येणाऱ्याची ओळख करून दिली आणि मुकाट जागा सोडली. मी त्याला मनोमन नमस्कार केला.

नवा प्रोसेसर बसला, त्यावर उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लागली, पडदा उजळला. भीमाबाईंनी हात जोडले आणि घडी केलेली शाल प्रेमाने पुन्हा माझ्यावर घातली. थोड्याच वेळात मी तापून बंद!

आवेजने शाल उचलली. "आजी, ही रोज असते?"

"मंग! धूळ बसंल की."

"कीर्तनात बुवांच्या तोंडावर घोंगडी टाकाल का?"

भीमाबाई आधी फणकारल्या, मग हसत सुटल्या. "आगं बया! म्हंजी मीच गळा दाबला व्हय ह्याचा?"

मित्रांनो, टाळकऱ्यांनी अभंगाची फिरून येणारी ओळ, ध्रुपद, धरली की बुवांना दम घ्यायला मिळतो. माझे पंखे हेच माझे टाळकरी. वारा मोकळा झाला आणि काल्याचे कीर्तन मी अखंड पोहोचवले. हंडी फुटली, लाह्या उडाल्या. लगेच छबूबाईचा फोन! "सविता, मी पांघरुनातूनच प्रसादाला हात पुढं केला गं!"

मी पुन्हा अडलो तर, म्हणून आवेज काल्याला आला होता. भीमाबाईंनी प्रसादाचा डबा त्या शालीत बांधून त्याच्या हाती दिला. "माझ्या बहिनीला दे. ऊब तिला पायजे, ह्याला न्हाई."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रावर माया जरूर करा. फक्त त्याला कुठून श्वास घ्यावा लागतो, तेवढे आधी बघा. मी आता उघडाच असतो, आणि पुढच्या सप्ताहाची वाट बघतो.