वाढत्या अंगाचा रबरी सूट

आमच्या घरात कोणाचाही कपडा ज्या वर्षी शिवला त्याच वर्षी अंगाला बसला, असं मला आठवत नाही. तो पुढच्या वर्षी बसणार असतो. पुढचं वर्ष येईपर्यंत एकतर तो विरतो, नाहीतर रंग उडून त्याचं पायपुसणं होतं. तरी दुकानात बाबा आणि मशीनवर आई, दोघांचं पालुपद एकच: वाढत्या अंगाचं घ्या. मी बावीस वर्षांची झाले, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, सोळाव्या वर्षापासून माझी उंची तसूभरही वाढलेली नाही. पण या घराच्या मते माझं अंग अजून वाढतंच आहे.

आई शिवते मात्र छान. गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीतल्या निम्म्या बायका तिच्याकडून पोलकी शिवून घेतात. फक्त शिवणीच्या आत ती कापड फार सोडते, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. सगळेच शिंपी ती बोटभर ठेवतात. आई चार बोटं ठेवते. माझ्या प्रत्येक पोलक्याच्या दोन्ही कुशींना आतून मायेची वळकटी असते आणि कलकत्त्याच्या उकाड्यात ती दिवसभर टोचत राहते.

तर अशा घरात, १९५८ साली, मला रबराचा सूट घ्यायचा होता.

झालं असं, की स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात मला दोन वर्षांसाठी जागा मिळाली. काम होतं समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या गोगलगायींवर. डोळ्यांवर काच, तोंडात हवेची नळी, आणि लाटांवर पालथं तरंगत खाली बघत राहायचं. पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. म्हणून तिकडची माणसं हल्ली स्पंजासारख्या रबराचा सूट घालून उतरतात. तो ऊब कशी देतो ते विद्यापीठातल्या आमच्या सरांनी मला नीट समजावलं होतं. सुटाच्या आत थोडंसं पाणी शिरतं, अंगाच्या उबेनं तापतं आणि तिथेच राहतं. सूट सैल असला तर तापलेलं पाणी निघून जातं आणि नवं गार पाणी येत राहतं. तेव्हा तो कातडीसारखा बसला पाहिजे. हे मी घरी मराठीत, हातवारे करकरून, कितीदा सांगितलं याला गणती नाही.

बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी. नागपूरला असताना, माझ्या आठव्या वर्षी, मला न्यूमोनिया झाला होता. "हातची गेली होतीस तू," हे ते दर थंडीत एकदा तरी सांगतात. त्यांनी अट घातली. सूट घालून बर्फाच्या पाण्यात अर्धा तास बसून दाखवायचं. बसले तर बोटीचं तिकीट, नाहीतर स्कॉटलंडचा विषय कायमचा बंद. मी तत्काळ कबूल झाले. चांगला सूट असता तर तासभर बसले असते. पण सूट आणायला दोघंही माझ्याबरोबर निघाले, आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

चांदनी बाजारात एक दुकान आहे. खिदिरपूरच्या गोदीत उतरणारे खलाशी तिथे दुर्बिणी, गमबूट, रेनकोट असलं काहीबाही विकून जातात. तिथे रबराचे सूट होते दोन. दोन्ही काळे, कोट, विजार आणि डोक्याला टोपी. एक मोठा, एक लहान. लहान माझ्या मापाचा होता. कलकत्त्यात, ऑगस्टच्या उकाड्यात, माझ्या मापाचा रबरी सूट! दुसऱ्या एखाद्या घरात पेढे वाटले असते.

पडद्यामागे अंगभर पावडर फासून आईनं मला तो ओढूनताणून चढवला. मी बाहेर आले.

"अगं बाई," आई म्हणाली, "सगळं दिसतंय की!"

"काय दिसतंय? गळ्यापासून घोट्यापर्यंत रबर दिसतंय."

"तेच ते. आत कोण आहे ते कळतंय."

बाबा माझ्याभोवती एक फेरी मारून आले. दंडाजवळचं रबर चिमटीत धरायला गेले, ते येईना. "फार घट्ट आहे. रक्त अडेल."

"घट्टच हवा, बाबा."

"दोन वर्षं वापरायचाय. तिकडे लोणी, अंडी, बटाटे. अंग भरेल तुझं."

"आणि आत स्वेटर कुठे मावणार?" आईनं विचारलं.

"आत स्वेटर घालायचा नसतो!"

"मग ऊब कसली?"

"पाण्याची!" मी ओरडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाबांनी आईकडे बघितलं. पोरीला एवढं शिकवलं ते वाया गेलं, असा तो चेहरा होता.

मग मोठा सूट चढवला. त्यात मी आणि माझी एखादी मैत्रीण, अशा दोघी आरामात राहिलो असतो. आईचा चेहरा उजळला. बाबांनी चिमटीत रबर धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. दुकानदारही माझाच वैरी निघाला. "बहुत आराम का है, मेमसाहेब," तो आईला म्हणाला, "अंदर हवा खेलेगी." त्या दुकानात तो मोठा सूट किती महिने पडून होता कोण जाणे.

"वाढत्या अंगाला हाच बरा," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाकीट काढलं. माझ्या मताचं काम तिथेच संपलं. मी ते काळं गाठोडं मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. दोघं मात्र मनासारखी खरेदी झाल्याच्या आनंदात होती.

परीक्षा रविवारी झाली. आमच्या क्वार्टरमध्ये साहेबाच्या काळचा एक टब आहे; त्यात आम्ही एरवी चादरी भिजवतो. मासळीबाजाराजवळच्या डेपोतून बर्फाच्या लाद्या आल्या. इलिश माशाचा वास येतो म्हणून आईनं त्या पुन्हापुन्हा धुतल्या. निम्मा बर्फ धुण्यातच गेला आणि बाबांनी आणखी मागवला. शेजारच्या श्यामलाकाकू विणकाम घेऊन दारात स्टुलावर बसल्या. "बघू तरी बाई, विलायतेला जायला काय काय करावं लागतं," त्या म्हणाल्या.

मी उतरले. पाणी मानेतून शिरलं, मनगटांतून शिरलं, घोट्यांतून शिरलं. सूट भोपळ्यासारखा फुगला. मी जरा हलले की आतलं पाणी खळ्ळकन बाहेर जायचं आणि तेवढंच बर्फाचं आत यायचं. अंगाला ते तापवायला फुरसतच मिळेना. दात वाजायला लागले. सूट सैल आहे, एवढंच मला सांगायचं होतं, पण जबडा ऐकेना. आईनं माझ्या मानेशी हात घातला आणि तसाच ठेवला. तेवढ्यात बाबांनी मला काखेत धरून बाहेर ओढलं.

"बास. झालं तेवढं पुष्कळ झालं."

त्यांनी मला ऑगस्टमध्ये दुलईत गुंडाळलं. मग माझे तळपाय पंज्यांत धरून चोळत बसले. त्यामुळे मला धड भांडताही येईना.

"सूट सैल आहे, बाबा," शेवटी मी म्हटलं. "दोष त्याचा आहे."

"दोष छातीचा आहे. आठव्या वर्षापासून आहे. तिकीट काढायचं नाही."

श्यामलाकाकूंनी लोकर गुंडाळली. बरं झालं, इथेच कळलं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. दुलईत हात अडकले होते म्हणून, नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चांदनीत गेले. हे आधीच करायला हवं होतं. दुकानदार मला बघून हसला आणि त्यानं हात उडवले. "ओटा बिक्री होये गेछे, दिदिमोणी." लहान सूट कोणा साहेबानं आपल्या मडमेसाठी नेला होता. जिला जन्मात पाहिलेलं नाही त्या मडमेला मी मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. रागानंच आलं, पण आलं. माझ्या गोगलगायी कोणीतरी दुसरीच बघणार होती, आणि मी जन्मभर सैल पोलकी घालून गार्डन रीचला बसणार होते.

घरी आले तर मधल्या खोलीत आईनं सूट फरशीवर पसरला होता. शेजारी तिची मोठी कात्री, खडू, सुती पट्ट्या आणि सायकलचं पंक्चर काढतात त्या सोल्युशनच्या नळ्या.

"हे काय?"

"काल तुझ्या मानेशी हात घातला, तर माझा आख्खा पंजा आत गेला," आई म्हणाली. "बांगड्यांसकट. आतलं पाणी नुसतं पळत होतं. तुझी छाती कच्ची नाही, सुनी. माप चुकलंय. आणि ते मी निवडलंय."

"हेच मी दुकानात सांगत होते!"

"सांगत कुठे होतीस? ओरडत होतीस. चल, उलटा करून घाल."

मी घातला. आईनं मानेशी, मनगटांशी आणि बगलेपासून घोट्यापर्यंत दोन्ही अंगांनी रबर चिमटीत धरून खडूच्या खुणा केल्या. टाका नाही, दोरा नाही, ही कसली शिवण, असं तिचं पुटपुटणं चालूच होतं. "श्वास घे." घेतला. "वाक." वाकले. "आता काढ." काढायला निम्मा डबा पावडर लागली.

मग ती फरशीवर मांडी घालून बसली आणि खुणा जोडून तिनं एक रेघ ओढली. अगदी अंगासरशी रेघ. मला बरं वाटलं. आणि लगेच तिनं तिच्या बाहेरून दुसरी रेघ ओढली, चार बोटं सोडून. कात्री उचलून ती बाहेरच्या रेघेवर टेकवली.

माझं डोकंच फिरलं. "आई! माया नकोय त्यात!"

तिचा हात थांबला. "कळतंय गं मला."

"मग ही रेघ कशाला?"

"हात आपोआप जातो." ती त्या दोन रेघांकडे बघत बसली. "तू जन्मायच्या आधीपासून तुझे कपडे शिवतेय. ठेवली नाही असं एकदाही झालं नाही."

मी खाली बसून रबराचं दुसरं टोक ताणून धरलं. आईनं अंगठ्यानं बाहेरची रेघ पुसली आणि आतल्या रेघेवरून कापायला सुरुवात केली. पुरं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

कडा जोडून वर पट्ट्या चिकटवल्यावर सोल्युशन वाळायला सूट मागच्या दारी दांडीवर टांगला. तो काळा माणूस लटकताना पाहून दूधवाला फाटकातूनच परत गेला. बाबा दुसऱ्या परीक्षेला तयार होईनात. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "अहो, मी कापलाय तो. माझं काम बघायला तरी या." ते आले. एका हातात घड्याळ, मांडीवर दुलई.

मी टबात उतरले. मानेशी गार पाण्याची एक चुणूक आत आली, अंगावर शहारा आला आणि तेवढंच. त्या पाण्याला फिरायला जागाच नव्हती. हळूहळू ते माझ्याच अंगाइतकं कोमट झालं.

"गार लागतंय?" बाबा दर मिनिटाला विचारत होते.

"हातांना लागतंय. बाकी नाही."

"खरं सांग."

"बाबा, तुम्ही बोलू नका!"

त्यांनी खात्री करायला आपला हात पाण्यात घातला आणि ओरडून बाहेर काढला. अर्धा तास झाल्यावर त्यांनी घड्याळ हलवलं, कानाला लावलं, बंद पडलेलं नाही ना ते पाहिलं. मग उभे राहिले. "उद्या तिकिटाचं बघतो," ते भिंतीकडे बघून म्हणाले आणि दुलई तशीच छातीशी धरून बाहेर गेले.

आईनं दार लोटलं आणि माझा ओला कोट सोलून काढायला लागली. काढता काढता तिनं शिवणीवरून बोट फिरवलं, जिथे एरवी तिची वळकटी असते तिथे.

"यात आत काहीच ठेवलेलं नाही हं, सुनी," ती म्हणाली. "उसवून मोठा करता यायचा नाही. आहेस तश्शीच परत ये."

"बरं," मी म्हटलं. माझा आवाज बसला होता. बाबांनी ऐकला असता तर लगेच न्यूमोनिया म्हणाले असते.